पांढऱ्या डब्याला सावली

देवाने डास कशासाठी केला, हा प्रश्न धूरकाकांनी सव्वीस वर्षं रोज सकाळी देवापुढे हात जोडून विचारला होता. भांडण म्हणून नव्हे, आपली चौकशी म्हणून. "देवा, वाघ केलास, समजलं. विंचू केलास, तेही समजून घेऊ. पण हा?" एवढं विचारायचं, उत्तरासाठी ताटकळत बसायचं नाही, पाठीवर धुराचं यंत्र चढवायचं आणि कामाला लागायचं. उत्तर आलं नाही तरी त्या निमित्ताने देवाशी दोन शब्द बोलणं होत होतं, तेवढं त्यांना पुरे होतं.

नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात ते फवारणी कामगार. वाट्याला सात गल्ल्या. नाकावर फडकं, हातात नळी; यंत्राची दोरी खेचली की भडभड आवाज आणि पांढरा ढग. पोरं त्या ढगात पळत, बायका धडाधड खिडक्या लावत, आणि लहानथोर सगळे त्यांना धूरकाका म्हणत. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर होतं, ते तिथेच राहिलं. बायकोचं तर आणखी अवघड. ती बिचारी उभ्या जन्मात यंत्राला शिवली नव्हती, पण धूरकाकांची बायको म्हणून धूरकाकू झाली. "धूर यांचा आणि डोळ्यांत पाणी माझ्या," असं म्हणायची, पण हाक आली की ओ द्यायची.

धुराहूनही काकांची ख्याती होती ती गळ्याची. दर बुधवारी कोरडा दिवस. डासाची मादी साठलेल्या पाण्यात अंडी घालते, आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात, म्हणून आठवड्यातून एकदा घरातली सगळी भांडी रिकामी करून घासायची, की पिढीच मोडली. हे खात्याच्या पत्रकात बारीक अक्षरात छापलेलं असायचं आणि लोक त्या पत्रकात खिळे-चुका बांधायचे. तेव्हा काकांनी त्याचं गाणं केलं. पत्र्याच्या डब्यावर चमचा वाजवत ते गल्लोगल्ली फिरत:

सांडा पाणी, पालथी बादली,
डासाची नको घरात सावली!

वीस वर्षं दर बुधवारी. आवाज असा खणखणीत, की तिसऱ्या गल्लीत सुरू झाले की पाचवीतल्या बायका घासणी हातात घ्यायच्या. कुणाच्या घरी मूल बोलायला लागलं की पहिला शब्द 'आई' आणि दुसरा 'सांडा', अशी तिथली थट्टा होती.

आता अशा माणसाला एके दिवशी ऑफिसात बोलावून सांगितलं, की यंत्र जमा करा.

सांगणारी होती डासबाई. कीटकशास्त्र शिकलेली, वयाने काकांच्या सुनेएवढी, तीन महिन्यांपूर्वी खात्यात आलेली. ऑफिसच्या मागच्या खोलीत जाळीचे पिंजरे मांडून ती डास पाळते एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यावरून शिपायापासून साहेबापर्यंत सगळे तिच्यापासून दोन हात लांब राहत.

"यंत्र बिघडलंय का?" काकांनी विचारलं.

"नाही. तुमच्या गल्ल्यांमध्ये निदान सहा महिने धूर बंद."

"मग मी काय करू?"

"डास सोडायचे."

"मॅडम, माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. थट्टा करायची तर कुणा नव्याची करा."

"थट्टा नाही, काका. बसा." तिने खुर्ची पुढे ओढली आणि टेबलावर एक पांढरा प्लॅस्टिकचा डबा ठेवला. हातभर उंच, झाकणाला बोटभर भोकं. आत कागदाची एक पट्टी, पट्टीवर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके. "ही अंडी. यांच्यातून जे डास निघतील त्यांच्या अंगात एक जिवाणू असणार. डोळ्यांना न दिसणारा. तो असला की डेंग्यूच्या विषाणूला डासाच्या अंगात वाढायला जागाच मिळत नाही. डास चावेल, खाज येईल, पण ताप घेऊन यायचा नाही."

"आणि हे असे किती दिवस डबे वाटायचे? जन्मभर?"

"तीच तर गंमत आहे. हा जिवाणू आईकडून अंड्यात उतरतो. लेकीला, लेकीच्या लेकीला. आणि जुन्या डासिणींनी या नव्या, जिवाणूवाल्या नरांशी संसार मांडला तर त्यांची अंडी फुटतच नाहीत. शंभरांत साठ डास आपले झाले की हात काढून घ्यायचा. पुढे तेच वाढवतात."

काकांनी डबा उचलून उजेडात धरला. "म्हणजे सव्वीस वर्षं कसायाची सुरी चालवली, आणि आता म्हणता गोठा सांभाळा."

"काट्याने काटा काढायचा म्हणा ना."

काका हसले नाहीत. त्यांनी डबा खाली ठेवला आणि वेगळंच विचारलं, "मॅडम, एकदा डेंग्यू होऊन गेलेल्या पोराला तो पुन्हा होतो का?"

बाईने त्यांच्याकडे नीट बघितलं. "होऊ शकतो. चार जाती आहेत त्याच्या. दुसऱ्यांदा वेगळ्या जातीचा झाला तर पहिल्यापेक्षा जड जाण्याची भीती असते. कोण आहे घरात?"

"नात," काका म्हणाले.

नात सात वर्षांची. सून आणि मुलगा कामावर गेले की ही आजीआजोबांच्या ताब्यात, किंवा खरं सांगायचं तर आजीआजोबा तिच्या ताब्यात. एका जागी ठरायची नाही, जिथे पडेल तिथे पेट घ्यायची, म्हणून आजोबांनी नाव ठेवलं ठिणगी. गेल्या पावसाळ्यात ती ठिणगी पाच दिवस हॉस्पिटलच्या खाटेवर निमूट पडून होती. रोज रक्त तपासायचं, रोज प्लेटलेटचा आकडा खाली. काका बाहेरच्या बाकावर बसून असत. गल्लीगल्लीत धूर केला आणि आपल्याच घरात हे शिरलं, म्हणजे मी इतकी वर्षं केलं तरी काय? पोर वाचली. घरी सोडताना डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं जे आज डासबाईने सांगितलं. तेव्हापासून काका पुढच्या पावसाळ्याला किती आठवडे उरले ते मोजत होते.

"द्या तो डबा," काका म्हणाले. "किती आहेत?"

सव्वादोनशे होते. सातही गल्ल्यांत दहा-दहा पावलांवर एक, लोकांच्या संमतीने, अंगणात नाहीतर गॅलरीत, सावलीत टांगायचा. आत पाणी, अंड्यांची पट्टी आणि माशांना घालतात तसलं चिमूटभर खाद्य. पंधरा दिवसांनी पट्टी आणि पाणी बदलायचं. दारोदार काकांनी समजावलं, की यातलं पाणी सांडायचं नाही, झाकण उघडायचं नाही. लोक पोट धरधरून हसले. कपडे शिवणारी शिलाईबाई म्हणाली, "काका, घरात उंदीर झालेत, त्यांचाही काही डबा आहे का?" निवृत्त मास्तर म्हणाले, "ज्याचा जन्म मारण्यात गेला, त्याच्या हातून तारणं कसलं होणार?" पण डबा मात्र कुणी नाकारला नाही. धूरकाका सांगतायत ना, मग टांगा. वीस वर्षांच्या शब्दाची पत होती ती.

पंधरा दिवसांनी, सोमवारी, काका पट्ट्या बदलायला निघाले. डबे उघडून बघतात तर कसे! लखलखीत. पाणी आरशासारखं, तळाशी गाळ नाही, कडेला शेवाळ नाही, एक अळी वळवळताना दिसत नाही. काकांचा ऊर भरून आला. सगळी पिल्लं उडाली! एकूण एक! त्यांनी वहीत लिहिलं: डबे स्वच्छ, सर्व डास बाहेर पडले. पुढच्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेलाही तेच.

आणि मग सापळ्यांचा हिशेब आला.

सापळा म्हणजे एक टोपली, आत छोटा पंखा. जवळ आलेला डास आत ओढला जातो. गल्ल्यांमधून असे सापळे लावले होते, त्यांतले डास दर आठवड्याला प्रयोगशाळेत जात आणि शंभरांतले किती आपले याचा आकडा येई. शेजारच्या विभागांत कुठे चाळीस, कुठे सेहेचाळीस. काकांच्या सात गल्ल्यांचा आकडा होता नऊ.

"नऊच?" काका म्हणाले. "नव्वद असेल. शून्य पडलं असेल कुठेतरी."

"नऊच आहे," डासबाई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "काका, अंडी मोजकी आहेत. साहेब म्हणतात, दोन आठवड्यांत आकडा हलला नाही तर तुमच्या वाट्याची अंडी दुसऱ्या विभागाला जातील. पुढचं मग पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी. मधे एक अख्खा पावसाळा होता, आणि त्या पावसाळ्यात सात वर्षांची एक पोर होती.

तो मंगळवार. दुसऱ्या दिवशी बुधवार. मनात काहीही असो, बुधवार म्हणजे बुधवार. काका पत्र्याचा डबा घेऊन बाहेर पडले, "सांडा पाणी, पालथी बादली" सुरू केलं, आणि दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या ध्यानात आलं, की चमचा घरी राहिला, आपण बोटांनीच डबा बडवतोय. डोकं ठिकाणावर नसलं की असं होतं. वीस वर्षांत पहिल्यांदा ते बुधवारी अर्ध्या वाटेवरून घरी परतले.

दारात येतात तो काय! धूरकाकू स्टुलावर उभी, कमरेला पदर खोचलेला, हातात पांढरा डबा. आणि डब्यातलं पाणी, अळ्यांसकट, मोरीत चाललंय. खाली ठिणगी हातात घासणी घेऊन उभी, आणि आजोबांच्या चालीत गातेय, "सांडा पाणी, पालथी बादली!"

"अगं!" काका ओरडले. "अगं, हे काय करतेस?"

"काय म्हणजे? बुधवार आहे आज."

"मी सांगितलं नव्हतं, यातलं पाणी सांडायचं नाही म्हणून?"

"सांगितलं होतंत. एकदा." काकू शांतपणे स्टुलावरून उतरली. "आणि दर बुधवारी रस्त्यातून ओरडत जाता, सांडा पाणी! मी एका दिवसाचं ऐकू की वीस वर्षांचं? आणि टाकून थोडाच दिला? घासते, स्वच्छ पाणी भरते, पट्टी पुसून परत लावते. तुमच्या खात्याचा डबा, उद्या कुणी साहेब आला तर घाण दिसायला नको. सगळ्याजणी असंच करतो आम्ही. शिलाईबाई तर साबणाने घासते."

काका मटकन उंबऱ्यावर बसले.

लखलखीत डबे. आरशासारखं पाणी. जे बघून ऊर भरून आला होता, ते त्यांच्या लेकरांचं मसण होतं, आणि त्यांनी स्वतः, स्वतःच्या तोंडाने, दर बुधवारी गाऊन ते घडवलं होतं. लोकांनी ऐकलं नाही असं नव्हतं. लोकांनी फार ऐकलं होतं. आपल्या शिकवणीचं यश आपल्याच आडवं यावं, ही कुठली परीक्षा?

"आजोबा, रडताय?" ठिणगीने विचारलं.

"नाही गं. डोळ्यांत धूर गेलाय."

"धूर तर बंद आहे."

"म्हणूनच," काका म्हणाले आणि तिला जवळ घेऊन एकाएकी हसायला लागले. कारण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. अंडी चांगली होती. डबे चांगले होते. डासबाईचं शास्त्र चांगलं होतं. बिघाड होता तो फक्त एका गाण्यात, आणि ते गाणं करणारा अजून जिवंत होता.

ते तसेच उठून ऑफिसात गेले आणि डासबाईपुढे सगळं कबूल केलं. ती आधी डोक्याला हात लावून बसली, मग तीही हसत सुटली. "दर बुधवारी? सव्वादोनशे घरांत? अहो काका, जगात कुठल्याही खात्याचं इतकं कुणी ऐकत नसेल! मी आजच पत्रकं छापून घेते."

"पत्रकात खिळे बांधतात, मॅडम. तुम्ही फक्त मला रविवारची संध्याकाळ द्या. आणि तुमचा एक पिंजरा."

रविवारी ऊन कलल्यावर पाण्याच्या टाकीखालच्या मोकळ्या जागेत सातही गल्ल्या लोटल्या. काकांनी प्रत्येक दारात जाऊन बोलावलं होतं. मधे एक टेबल, टेबलावर जाळीचा पिंजरा, त्यात डास गुणगुणतायत. काकांनी एक बादली पालथी घातली, तिच्यावर बोटांनी ठेका धरला, आणि सवयीने लोकांच्या तोंडून आपसूक निघालं, "सांडा पाणी!"

"थांबा," काका म्हणाले. "आज मी चूक कबूल करायला उभा आहे. हे गाणं मीच केलं. आणि हे गाणं आज आपल्या पोरांच्या जिवावर उठलंय."

काकांनी ठेका धीमा केला.

"रोज सकाळी मी देवाला विचारतो, बाबा रे, डास का केलास? सव्वीस वर्षं उत्तर नाही. आता कळतंय, उत्तर होतं. मी चुकीच्या जागी शोधत होतो. देवाने कुलूप केलं ना, तर किल्लीही केली. फक्त ठेवली कुठे? पिकल्या फळावर घोंघावणारं चिलट असतं बघा, ज्याला आपण हाताने हाकलतो, त्याच्या पोटात! शिकलेल्या लोकांनी वर्षानुवर्षं खपून ती किल्ली, म्हणजे हा जिवाणू, तिथून काढली आणि डासाच्या अंड्यात ठेवली. सुईच्या टोकाएवढं अंडं हो! आपण ते घासणीने घासतोय." आणि ठेका वाढवून त्यांनी सूर लावला:

लेकीला माहेरून काय मिळालं?
सोनं ना नाणं, ना पेटी ना पेला;
आईने पोटातच पाहुणा दिला,
ताप दारी आला नि तसाच गेला!

दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा बायकांनी शेवटची ओळ उचलली. तिसऱ्यांदा पोरांनी.

मास्तर उभे राहिले. मास्तर उभे राहणारच. "ते सगळं ठीक आहे. पण हे तुमचे पाहुणे आम्हाला चावणार, त्याचं काय?"

"मास्तर, तुम्ही पस्तीस वर्षं पोरांना चिमटे काढलेत. एकाला तरी ताप आला?"

हशा असा उसळला, की मास्तरही त्यात सापडले. तो ओसरल्यावर शिलाईबाईने मात्र हलक्या आवाजात खरं विचारलं, "काका, तो जिवाणू आमच्या अंगात शिरला तर? घरात तान्हं बाळ आहे माझ्या."

काकांनी डासबाईकडे बघितलं. तिने बाही वर सारली, पिंजऱ्याच्या कापडी तोंडातून कोपरापर्यंत हात आत घातला आणि तसाच ठेवला. एक डासीण बसली, दुसरी बसली, बघता बघता हातावर काळे ठिपके. "दर आठवड्याला यांना मी जेवू घालते," ती म्हणाली. "तो जिवाणू माणसाच्या अंगात राहूच शकत नाही, ताई. तसा तर तो फुलपाखरांतही असतो, चतुरांतही असतो. माझी तब्येत बघा आणि सांगा."

"जरा वाळलीस," धूरकाकू म्हणाली, "पण ते जेवणाकडे लक्ष नाही म्हणून."

मग काका पुढे झाले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून नातीच्या हातात दिलं आणि आपला हात पिंजऱ्यात घातला. चावण्याची भीती कसली. सवयीची भीती होती. आयुष्यभर जो हात डास दिसताच उठला, तो आज पसरून ठेवायचा होता. ज्यांच्या कुळाचे लाखो त्यांनी धुरात घातले, त्यांतल्या वीसजणी त्या संध्याकाळी त्यांच्या हातावर निवांत जेवल्या, आणि काकांनी बोटसुद्धा हलवलं नाही. टाकीखालच्या दीड-दोनशे माणसांतले मागचे बघायला चवड्यांवर उभे राहिले.

"गुदगुल्या होतात का?" ठिणगीने विचारलं, आणि सगळ्यांना सुटल्यासारखं झालं.

काकांनी हात बाहेर काढला, उंच धरून सगळ्यांना दाखवला, आणि मग जुन्या चालीवर नवं गाणं सांगितलं. बुधवार मोडायचा नाही. बाकीची सगळी भांडी सांडायची, घासायची. फक्त एकाला हात लावायचा नाही:

सांडा पाणी, पालथी बादली,
पांढऱ्या डब्याला द्या सावली!

दुसऱ्याच दिवशी काकांनी सगळ्या डब्यांत नव्या पट्ट्या लावल्या. त्याच्या पुढच्या सोमवारी पहिला डबा उघडला आणि नाक दाबलं. पाणी गढूळ, कडेला शेवाळ, आणि तळापासून वरपर्यंत नुसती वळवळ. इतकं घाण पाणी बघून इतका आनंद झालेला माणूस त्या खात्यात पूर्वी झाला नसेल. "वा!" ते शिलाईबाईच्या दारात ओरडले. "काय घाण ठेवलाय डबा! शाब्बास!"

पहिल्या आठवड्याला आकडा चौदा. दुसऱ्याला तेवीस. डासबाई तो कागद घेऊन स्वतः साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि अंडी तर वाचवलीच, वर चार खेपा वाढवून आणल्या. मग एकतीस, चव्वेचाळीस, बावन्न. काका आकडा खडूने टाकीच्या खांबावर लिहू लागले, आणि लोक सकाळी कामावर जाताना खेळाचा निकाल बघावा तसे थांबून बघत. पाऊस सुरू झाला त्या आठवड्यात खांबावर लिहिलं होतं: त्रेसष्ट. डबे काढून घेतले. आता जे काही होतं ते त्या लेकीबाळींच्या आणि देवाच्या हाती होतं.

पावसाला दोन महिने होत आले आणि एका सकाळी ठिणगी उठलीच नाही. अंग तापलेलं, डोळे लाल, अंगावरचं पांघरूण सोडेना. काकूने तिच्या कपाळाला हात लावला आणि नवऱ्याकडे बघितलं. काकांनी पोरीला खांद्यावर घेतलं. दार उघडून निघाले तसे शेजारी बाहेर आले. मास्तर छत्री उघडून दवाखान्याच्या दारापर्यंत त्यांच्या डोक्यावर धरून चालले, स्वतः भिजत.

तोच दवाखाना, तेच बाक. तपासणीसाने बोटाला टोचलं, रक्ताचा थेंब एका छोट्या पांढऱ्या पट्टीवर सोडला आणि म्हणाला, "वीस मिनिटं थांबा. एक रेघ आली तर नाही. दोन आल्या तर आहे."

पहिली रेघ लगेच उमटली. ती उमटतेच, तपासणी नीट झाली एवढंच ती सांगते. दुसरीची जागा कोरी होती. काका त्या कोऱ्या जागेकडे बघत बसले. डोळ्यांना भास होई, की काहीतरी गुलाबी उमटतंय. डोळे मिटून उघडले की काही नाही. "देवा," ते मनात म्हणाले, "आज चौकशी नाही. आज मागणं आहे."

वीस मिनिटं झाली. तपासणीसाने पट्टी उचलली, उजेडाकडे धरली. एकच रेघ.

तरी डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, अंगावर पुरळ आहे का बघितलं आणि शेवटी म्हणाल्या, "आ कर." ठिणगीने आ केला. डॉक्टर आत बघून हसल्या. "लालभडक घसा आणि त्यावर पांढरे ठिपके. घशाचा संसर्ग आहे हा. औषध देते, सांगितले तेवढे दिवस पूर्ण घ्यायचं, मधेच सोडायचं नाही. दोन दिवसांनी तापाकडे लक्ष ठेवून पुन्हा दाखवा." मग काकांकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही टाकीखालच्या गल्ल्यांमधले ना? मी तुम्हाला शोधणारच होते. गेल्या वर्षी या दिवसांपर्यंत तुमच्या सात गल्ल्यांमधून माझ्याकडे डेंग्यूची एकसष्ट पोरं-माणसं आली होती. या वर्षी तीन. त्यांतला एक नुकताच परगावाहून आलेला. तुम्ही केलंत तरी काय?"

काकांनी पोरीला पुन्हा खांद्यावर घेतलं. "वीस वर्षांचं गाणं बदललं," म्हणाले.

पाऊस थांबला होता. परतताना गल्लीच्या तोंडाशी माणसं उभी होती. दुकानं अर्धी उघडी, शिलाईबाई काखेत बाळ घेऊन, मास्तर ओल्या सदऱ्याने, आणि मधोमध काकू, हात गळ्याशी. ऑफिसातून धावत आलेली डासबाईही होती. सगळ्यांचे डोळे काकांच्या तोंडाकडे.

काकांनी तोंड उघडायच्या आत खांद्यावरच्या ठिणगीने मान वर केली. आवाज बसलेला, तरी जेवढा होता तेवढ्याने ती खरखरीत ओरडली, "नुसता घसा आहे!"

आणि मग जो गलका उठला! मास्तरांनी छत्री हवेत उडवली. काकूने नातीचा मुका घेतला, मग डासबाईचाही घेतला. कुणीतरी कुणाची तरी बादली ओढून रस्त्यात पालथी घातली आणि ठेका धरला, आणि अख्खी गल्ली गाऊ लागली. त्या मोसमात एकही डबा कुठे टांगलेला नव्हता, तरी सगळे बेंबीच्या देठापासून पांढऱ्या डब्याला सावली देत होते.

"आजोबा, तुम्ही का गात नाही?" ठिणगीने कानाशी विचारलं.

"तू बरी हो," काका म्हणाले. "मग दोघं मिळून गाऊ."

त्यांनी खांबाकडे बघितलं. पावसात खडू पुसला होता. डासबाईने खिशातून खडू काढून त्यांच्या हातात दिला आणि कानात आजचा आकडा सांगितला. गेले आठ आठवडे एकही अंडं सोडलं नव्हतं, तरी तो वाढला होता. काकांनी पोरीला एका हातावर सावरलं आणि दुसऱ्या हाताने मोठ्या अक्षरात लिहिलं: ब्याऐंशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे देवापुढे उभे राहिले. हात जोडले. सवयीने प्रश्न ओठावर आला, तो त्यांनी गिळला. "कळलं," एवढंच म्हणाले, आणि नातीच्या औषधाची वेळ झाली होती म्हणून घाईने वळले.